प, फ, ब, भ, म

तिच्या छातीवर एक डबी असायची,
काडेपेटीहून थोडी मोठी, आईनं शिवलेल्या खिशात,
आणि डबीतून कानापर्यंत गेलेली वायर.
मी तिथं तोंड नेऊन म्हणायचे,
आकाशवाणी, परभणी केंद्र.
नाव मीच ठेवलं होतं. सातवीपर्यंत टिकलं.
एकदा हजेरी घेताना मास्तरही म्हणाले, आकाशवाणी?
आणि स्वतःच हसले.

त्रिवेणी मुंजाजी कातोरे.
आज पूर्ण लिहिते.

डबी निम्मीच चालायची.
बाकीचं ती ओठांवरून उचलायची,
वाटेत सांडलेली हळकुंडं वेचावीत तशी, एकेक.
वर्गात सगळ्यांत स्वच्छ ओठ माझे,
असं तिनंच खुणेनं सांगितलं होतं,
म्हणून माझ्या बाकावर बसायची.

तपासणीला साहेब आले.
आपल्या तालुक्यातून कोणती नदी वाहते?
तिनं माझ्याकडं पाहिलं.
मी आवाज न करता, सावकाश, नीट ओठ हलवले:
म्हैस.
ती उभी राहिली, हात बाजूला ताठ,
आणि तिच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली,
म्हैस.

हसण्यानं पत्रे वाजले. ते तिला ऐकू आलं नसेल.
चाळीस तोंडं एकदम उघडली, ती मात्र दिसली.

त्यानंतर तिनं माझ्या तोंडाकडं बघणं सोडलं.
बाक बदलला नाही. फक्त बघणं सोडलं.
दिवाळीनंतर शाळेतच आली नाही.
तिची आई हळद पॉलिश करायच्या ढोलावर कामाला होती,
पोरीलाही घेऊन जाऊ लागली. कुणी विचारलं तर म्हणायची,
तिथं काय, आयकू येनारालाबी आयकू येत नाही.

सव्वीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही.
मग लेकाच्या शाळेतून चिठ्ठी आली,
हा एका पोराच्या चालण्याची नक्कल करतो.
मी त्याला खूप बोलले. तो गप्प उभा,
माझ्या तोंडाकडं बघत.

खुणा मोबाइलवर बघून शिकले,
रात्री, भाकरी झाल्यावर,
बोटांना पीठ तसंच.

वसमतच्या मोंढ्यामागं तिचं दुकान आहे.
त्रिवेणी लेडीज टेलर. पाटीवर हळदीची धूळ.
मी ब्लाउजपीस पुढं केलं.
तिनं ओळखलं की नाही, कळलं नाही.
माझ्या पाठीमागं उभी राहून टेप लावला,
खांदा, पाठ, बाही.
मी वळले आणि मोबाइलातल्या बाईनं दाखवली तशी
कानाची पाळी चिमटीत धरली.
माफीची खूण हीच आहे म्हणे.
तिच्यासमोर, कानाला हात.

ती बघत राहिली. आधी कानाकडं,
मग, सव्वीस वर्षांनी, तोंडाकडं.
माझे ओठ तेव्हा बंद होते.

तिनं तोंडातल्या टाचण्या काढून पेटीत टाकल्या
आणि ओठ हलवले. आवाज नाही.
एकच शब्द असावा.
मग पावतीवर लिहिलं:
गळा मागून खोल? शुक्रवारी. शंभर ॲडव्हान्स.

घरी आरशापुढं मी म्हणून बघते, आवाज न करता.
माफ.
पाप.
काचेत दोन्हीला ओठ तसेच मिटतात, तसेच उघडतात.
आणि कदाचित ती नुसतं म्हणाली असेल,
माप.
तिनं हे सगळं बाराव्या वर्षी कसं वाचलं असेल,
मी खरं बोलत होते तेव्हाही.

शुक्रवारी जाऊन ब्लाउज आणला.
पैसे तिनं मोजून घेतले, सुटे परत दिले.
काखेत थोडा घट्ट आहे.
उसवायला पुन्हा जावं लागेल.