हुंकार

आपल्यामधली ही काच, तोनोसाकी, काच नव्हे,
अॅक्रिलिक आहे.
तोंडाच्या उंचीवर तिला एकवीस भोकं.
पहिल्या दिवशी मोजली होती मी,
तू बोलत नव्हतास म्हणून.
आज बोलतोयस,
आणि नेमकं तेच, जे ऐकायची मला धास्ती होती:
"मी फक्त हं म्हणालो, वकीलबाई.
ते सांगत होते, मी ऐकत होतो.
समोरचा बोलत असताना दगडासारखं बसणं
बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही.
हाचिनोहेच्या बंदरावर वाढलेलं पोर तू,
कुणी बोललं की मान हलवणारं,
गोष्ट ऐकताना लेकरानं द्यावा
तसा हुंकार देणारं.
मोमोइसाहेबांनी गोष्टच सांगितली तुला:
शीतगृहाचं मागचं दार, रात्रीचे दोन,
मालकावरचा जुना राग, खिशात काडेपेटी.
प्रत्येक वाक्यापाशी ते थांबले
आणि प्रत्येक थांब्यावर तू
एक हं ठेवत गेलास.

त्या हंचं काय झालं, ठाऊक आहे?
दीड पान झालं.
मोमोइंचं अक्षर सुवाच्य आहे.
पहिलाच शब्द, मी.
मी मागच्या दारानं आत गेलो.
मी काडी ओढली.
मला मनापासून पश्चात्ताप होत आहे.
मी तुझा, पेन त्यांचं.
पश्चात्ताप हा शब्द तू शेवटचा कधी वापरलास रे?
"शाळेत. निबंधात."
आणि हसलास,
नऊ दिवसांत पहिल्यांदा.

मला त्या खोलीत येता येत नाही.
सोलमध्ये माझ्या ओळखीची एक वकील आहे,
ती अशिलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसते.
काही करत नाही म्हणे, नुसती पेन्सिल तासते,
तेवढ्यानंही विचारणाऱ्याचा आवाज
अर्ध्या पट्टीनं उतरतो.
माझी पेन्सिल इथे, भिंतीच्या अलीकडे.
तुझ्याकडे आहे ती एक वही
आणि तुझं स्वतःचं तोंड, बंद.

गप्प राहिलास तर म्हणतील,
चोराच्या मनात चांदणं.
म्हणू देत.
हे मूग गिळणं नव्हे, तोनोसाकी.
कायद्यानं तुझ्या हाती दिलेली कडी आहे ही,
आतून लावायची.
पण ती रोज लावावी लागते,
सकाळी, जेवणानंतर, आणि सगळ्यात कठीण म्हणजे
ते प्रेमानं विचारतात तेव्हा:
आईची कंबर कशी आहे?
जेवण जातंय ना?

खूप वर्षांपूर्वी एका बाईला हे सांगायला
मला एक दिवस उशीर झाला.
दुसऱ्या सुनावणीचे कागद पोचवायचे होते, बर्फ होतं,
कारणं होती.
तिनं काचेवर बोट टेकवलं, तर्जनी,
काळी.
सही झाली होती.
मी माझ्या बाजूनं रुमालानं पुसत राहिले.
काही निघालं नाही, शाई पलीकडे होती.
तिचं नाव तुला सांगणार नाही.
पुढे तिच्या जबाबाला
तिच्या स्वतःच्या आवाजापेक्षा जास्त किंमत आली.

म्हणून मी रोज येते.
तुला वाटतं बाई तेच तेच सांगते.
सांगते.

सतराव्या दिवशी तू वही काचेला लावलीस,
आधी उलटी, मग सुलटी.
पेन्सिल बोथट, ओळी तिरक्या:
आज कागद पुढे सरकवला. सही केली नाही.
मग ते खिडकीकडे बघत राहिले, मीही बघितलं.
खूप वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, बोटी आल्या वाटतं,
यंदा माकुळाचा भाव काय रे?
मी हंसुद्धा म्हणालो नाही.
फार जड गेलं.
भाव मला माहीत होता.