हयातीचा दाखला

पेटी जिल्हा परिषदेच्या शाळेची, लिलावात दीडशेला.
मदरबोर्ड सीताबर्डीच्या फुटपाथवरचा,
हार्ड डिस्क मूलच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतली:
आत अजून कुणाच्या तरी साक्षगंधाचे फोटो आहेत,
माझ्याच्यानं पुसवले नाहीत.
एसएमपीएस तेवढा नवा, चंद्रपूरहून, बिलासकट.

असा मी तो जोडला. आणि चालला.
अकरा मिनिटं.

कार्तिकातली सकाळ, धान कापणीला आलेलं,
फुलाबाई निकुरे बांधीतलं काम टाकून बाकड्यावर.
नवरा वनखात्यात होता; त्याची अर्धी पेन्शन
दर नोव्हेंबरात तिचा अंगठा मागते.
अंगठा ठेवला, पट्टी सरकली, नव्वद टक्के,
आणि टप्.
पडदा काळा. पंख्याचा उसासा.
"काय झालं जी, लोमेश?"
"बंद पडला, आजी."
"मी का तो?"

रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहीत गेलो:
९.१० बंद. ९.४२ बंद. १०.०५, नुसतंच बंद.
निळा पडदा नाही, बीप नाही, निरोप नाही.
आजारी माणूस निदान कण्हतो.

तापला म्हणावं, तर गोधडीतून हात बाहेर काढवत नव्हता.
तरी पंखा उतरवला, वाळलेली पेस्ट खरवडली,
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
"जाड्या की एचएमटी?" आचलनं विचारलं.
भाची आहे, बारावीला, हसली नाही.

रॅम खोडरबरनं घासली.
एक काढली, एक ठेवली, मग उलट.
एसएमपीएसची हिरवी तार काळीला टेकवली: फिरतो.
मीटर लावला: अकरा पॉइंट नऊ. ठीक.
घोडमारे वायरमन म्हणाला, अर्थिंग कोरडं पडलं;
खड्ड्यात मीठ आणि दोन बादल्या पाणी ओतलं.
त्याची आई म्हणाली, लिंबू बांध. तेही बांधलं.
लिंबू पाच रुपयांचं, एसएमपीएस अठराशेचा.

मग ध्यानात आलं:
मागे नानाजी लोणबलेंची राइस मिल सुरू झाली
की हा जातो.
व्होल्टेज! मी टाळी वाजवली.
मेन स्विच पाडला, बॅटरीवर टाकला.
मिल घरघरली.
हा गेला.
टाळीचे हात मग तसेच मांडीवर.

तिसऱ्या रात्री सगळं बाहेर काढलं.
बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून
त्यावर बोर्ड, तारा, सगळी आतडी उघडी.
रात्रभर चालला.
मिलनं पहाटेपर्यंत कोंडा उडवला, हा ढिम्म.
आचल पुस्तकं आवरता आवरता म्हणाली,
"मामा, घराबाहेर जगते ते. घरात घेतलं का मरते."

रिकाम्या पेटीत टॉर्च मारला.

नऊ खुंट्या होत्या, पितळेच्या.
बोर्डाला भोकं आठ.
नववी जुन्या बोर्डाची, शाळेच्या काळातली.
तो कधीच भंगारात गेला,
ही मात्र त्याची जागा धरून,
नव्याच्या पाठीमागे केसभर अंतरावर.
मिल फिरायची, फरशी थरथरायची,
आणि ही टेकायची.
एवढंच. टेकायची.

पक्कडीनं फिरवली, लगेच निघाली.
खणात टाकली चिल्लरीत;
परवा एकाला रुपया म्हणून देत होतो.

चौथ्या दिवशी फुलाबाई आली.
मिल चालू. यंत्र चालू.
आता अंगठा जुळेना.
पंधरा दिवस विळा धरलेला, रेषाच उरल्या नव्हत्या.
कोमट पाणी, खोबरेल, रुमाल;
डावा, उजवा, मधलं बोट, पुन्हा डावा.
"मी जित्ती आहो," ती त्या डब्याला सांगत होती,
जरा मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं.
सातव्यांदा हिरवं झालं.

कागद निघाला. तिनं उन्हात धरला,
नाव तेवढं बोटानं चाचपलं.
"हे किती दिवस चालन?"
"सालभर, आजी."
"मंग सालभर मराची सोय नाही," म्हणाली,
आणि दारामागचा विळा उचलून
बांधीकडे निघाली.