शेपट्या किती?

जूनमधले साडेआठ. अजून उजेड आहे.
उनित्सा कुरणातून इतकी संथ वळते
की पाण्यानं थांबायचं ठरवलंय असं वाटावं.
लाकडी पुलाच्या कठड्यावर तो येऊन बसतो,
पंख पाठीवर उभे मिटून.
मी कोपरं टेकवते, श्वास धरते,
लेन्स बोटभर अंतरावर नेते.
डोळा स्पष्ट केला की पंख धूसर,
पंख धरला की डोळा सुटतो.
बावीस फोटो. त्यातले एकोणीस वाऱ्याचे.
मग फिल्मच्या जुन्या डबीत त्याला अलगद घालते.

घरी बाबा गळांच्या पेटीसमोर.
मोतीबिंदूचं ऑपरेशन सप्टेंबरात आहे.
तोवर दिवा लावला तर त्यांना फक्त दिवाच दिसतो.
पण बोटांना सोळा नंबरचा गळ दिसतो,
कोंबड्याचं पीस कुठल्या अंगाला वळतं तेही.

"शेपट्या किती?"
दोन.
"मागचे पंख?"
आहेत. गोलसर. करंगळीच्या नखाच्या…
"नख नको. पुढच्या पंखाच्या मानानं सांग."
पाव.
"डोळे?"
विटेच्या रंगाचे. नर असावा.
फोटो मोठा करत जाते. पडदाभर एकच डोळा,
आणि त्यावर पांढरा ठिपका, माझा फ्लॅश.
तोंड शोधते. तोंड सापडत नाही.
"नसतंच," बाबा म्हणतात. "त्याचं जेवण पाण्यातच उरकलेलं असतं."

आमच्या भाषेत याला एकदिवशी म्हणतात.
वर्षभर शेवाळात, दगडाआड,
कुणी नाव विचारत नाही तेव्हा.

"डोकं चपटं आहे?"
नाही. गोल.
"मग दोन शेपट्यांत हे बसत नाही.
मधे बघ, नेझ्का. खुंट आहे?"
मधे बघते.
आहे. पापणीच्या केसाच्या टोकाएवढा.
तिसरी कुठेतरी तुटून राहिली,
पुलावर, किंवा त्याआधीच एखाद्या चिमणीशी झटापटीत.
मला एवढं सगळं दिसत होतं
आणि मी दोनवर थांबले होते.

बाबा सशाची लव चिमटीत घेतात,
ऑलिव्ह रंगाचा दोरा ओठांनी ओला करतात.
शेपट्या तीनच लावतात.
मी म्हणते, मासे काय मोजतात का?
"मासे नाही मोजत. ड्रेयत्स मोजतो,
आणि उद्या त्याला दोन माश्या हव्यात."

सकाळी डबी उघडली तर आत दोघं.
एक राखाडी, पोकळ, झाकणाला पाय रोवून उभा,
पंखांसकट उतरवलेली कात.
दुसरा जिवंत, शेपट्या कालच्याहून लांब,
पंखांतून डबीचा तळ दिसतोय.
पंख फुटल्यावरही कात टाकणारं
दुसरं काही मला माहीत नाही.

"पंख कसे आहेत?" आतून आवाज येतो.
काचेसारखे.
बाबा काही बोलत नाहीत.
राखाडी पिसांची पुडी बाजूला सारतात
आणि खणात चाचपडत
दुसरी कुठलीतरी शोधू लागतात.