दावं

शेळ्या पहाटे ओरडतात ते भुकेनं नव्हे,
मी उठले का नाही एवढंच बघायला.
आधी लांबकानी, मग बांडी,
मग ती नवी पाठ, जिला अजून नाव नाही
आणि बहुतेक ठेवणारही नाही.

चूळ भरून खराटा घेते.
रात्रीच्या लेंड्या खळखळीत, कोरड्या असल्या
की समजायचं, घर बरं आहे.
डॉक्टर तालुक्याहून येतो, आला तर.
लेंड्या रोज सांगतात.

पाऊण एकर. माणेच्या काठाला म्हणायचं,
पण माण बहुतेक वर्ष नुसती वाळूच.
पलीकडं डाळिंबाची बाग,
उन्हानं फळ करपू नये म्हणून झाडांना जुन्या साड्या पांघरलेल्या.
लांबून वाटावं, बायकांची सभा भरलीय
आणि कुणीच बोलत नाही.
तिकडं फवारा असतो, शेळी सोडायची नाही.
बांडीला हे पटत नाही.

आमच्यात दोन सऱ्या वांगी, एक वाफा मेथी,
बांधाला शेवरी आणि हादगा.
न्हाणीचं पाणी दोडक्याला.
बिरूनं आंघोळ चुकवली की मी म्हणते,
आज दोडका उपाशी राहिला बघ तुझ्यापायी.

रविवारी बोकड नेला सांगोल्याला.
काळा, कपाळावर पांढरा ठिपका, अकरा महिन्यांचा.
जन्माला आला तो पायाळू.
बांगड्या काढून ठेवल्या मी, कोपरापर्यंत तेल चोपडलं,
धाकटी जाऊ फोनचा उजेड धरून होती, डोळे मिटून,
त्यामुळं उजेड सगळा गव्हाणीवर.
चाचपून चाचपून ओढला. हलेना.
नाकात कडब्याची काडी फिरवली
तेव्हा शिंकला.

बाजारात रज्जाकभाईंनी भावासाठी रुमाल पसरला,
समोर बाई बघून पुन्हा खांद्यावर टाकला
आणि तोंडानं आकडा सांगितला.
सगळ्या बाजारानं ऐकला.
मग ओठ उचलून दात बघितले,
कंबरेवर पंजा दाबला, पाठीवरनं हात फिरवला.
हात वाईट नव्हता त्यांचा.
वाईट असता तर बरं झालं असतं.

बारा हजार तीनशे.
नोटा मोजायला अंगठा ओला करावा
तर तोंडात थुंकी नाही.
जनावर द्यायचं, दावं ठेवायचं, ही रीत.
त्यांनी आपली सुतळी बांधली
आणि माझं दावं सोडून माझ्या हातात दिलं,
गळ्याजवळ गुळगुळीत झालेलं,
अजून कोमट.

वडापमध्ये शेजारणीनं विचारलं, काय आणलंस गं?
मी बिरूचे शाळेचे बूट दाखवले.
दावं त्याच पिशवीत, खाली.

मला वाटलं होतं लांबकानी ओरडेल.
नाही ओरडली. तिला पाठची दोन आहेत,
ढुशा मारून मारून कास लाल करतात.
बिरूनं मात्र बूट घातले नाहीत
बुधवारपर्यंत.

गुरुवारी वाऱ्यानं दोडक्याचा मांडव कलला.
बांधायला काही सापडेना,
खुंटीवरचं दावं घेतलं, दोन मेढींत ताणलं.
संध्याकाळी वेल नुसता टेकलेला.
सकाळी बघते तर एका ताणव्यानं
दाव्याला अडीच वेढे घातलेले,
कुणी शिकवल्यासारखे.

लांबकानी खुंट्यावरनं सुटून आली होती.
मान वर करून तिनं दावं हुंगलं.
बराच वेळ.
मी खराटा हातात धरून उभी,
हाकलावं का नाही.
मग तिनं दाव्याशेजारचं कोवळं पान ओढलं
आणि चघळत माझ्याकडं बघितलं.

हट्, म्हणाले मी.
जरा उशिराच.