हातचा एक

सप्टेंबर लागला. बंदरावर धुकं इतकं
की भोंगा दर मिनिटाला
स्वतःचीच खात्री करून घेतो.
मी स्वयंपाकघरात, लॅपटॉप ओट्यावर,
शेजारी कालचा चहा,
आठवड्याच्या चौकटी भरतेय:
सोमवार साडेआठ, प्रगत संख्याशास्त्र.
बुधवारी माशांच्या संख्येचं गणित.
शुक्रवारी समुद्राचे कायदे, नाइलाज.
आणि गुरुवारी संध्याकाळी
किनाऱ्यावरच्या बोली,
ज्या माझ्या पदवीत कुठेच बसत नाहीत
आणि ज्या मला हव्यात.

तळ्यात, मळ्यात.
एकेचाळिसाव्या वर्षी.

ऑफिसातली बर्निस म्हणाली,
'चार घे, तीन ठेव, फिलोमेना.
अठरा तारखेपर्यंत सोडलेल्याचा
कुठे डागसुद्धा राहत नाही.
हातचा एक असू दे.'
गुरुवारी माझी औषधांच्या दुकानात पाळी असते
हे मी तिला सांगितलं नाही.

मला मिळालेली खोली तळघरात.
तीन टेबलं, एक खिडकी,
खिडकीबाहेर दुसरी भिंत.
आधीच्या कुणाचा एक हातमोजा खणात,
आल्याच्या चहाच्या सात पुड्या,
आणि चिठ्ठी: 'रेडिएटरला लाथ डावीकडून.'
किल्ली कुलपात जाते, फिरत नाही.
समोरच्या टेबलावर ओद्दुर, आइसलँडचा, चोवीस वर्षांचा.
मला 'मॅडम' म्हणाला.
मग माझ्याकडे पाहून
पुन्हा कधीच म्हणाला नाही.

बुधवारी डॉक्टर स्टकलेसनी
पहिल्याच तासाला तक्ता वाटला.
उभी वर्षं, आडवी गावं,
मधे कॉड, टनांत.
मी बोट फिरवत खाली आले
आणि आमची खाडी सापडली,
बारा घरांची, नकाशावर माशीएवढी.
एकोणनव्वद: आकडा.
नव्वद, एक्याण्णव: उतरता आकडा.
ब्याण्णवच्या जुलैत मासेमारी बंद झाली.
पुढे पांढरं. पांढरं. पानाच्या टोकापर्यंत पांढरं.

ओद्दुरने भराभर शून्यं टाकली.
'खोडा,' बाई म्हणाल्या, आवाज न चढवता.
'शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं.
रिकामं म्हणजे मोजायलाच कुणी गेलं नाही.
या दोन्हींची गल्लत कराल
तर वर्षभर खोटं उत्तर काढत बसाल,
आणि ते दिसायला फार सुंदर असेल.'

मी नऊ वर्षांची होते.
बाबांनी त्या उन्हाळ्यात होडी दोनदा रंगवली.
तिसऱ्या वेळचा रंग
शेडमध्ये डब्यातच घट्ट झाला.
पण रोज पहाटे ते धक्क्यावर जात,
परत येऊन बँकेच्या कॅलेंडरवर लिहीत:
वारा कुठून, बर्फ कसला.
ते कुठल्याच तक्त्यात नाही.

वर्गात मी काही बोलले नाही.
पेन्सिल जरा जास्त टोकदार केली.

सतराच्या रात्री फीचा हिशोब तीनदा मांडला.
दरवेळी उत्तर तेच.
बोली सोडल्या. एक बटण,
आणि गुरुवार कोरा.
हातचा गेला.

त्या विषयाच्या कॉन्स्टन्स बाईंना
दोन ओळी लिहिल्या, क्षमा मागणाऱ्या.
उत्तर आलं: 'मागच्या रांगेत खुर्च्या आहेत.
त्यांचे पैसे कुणी मोजत नाही.'

पाळी शनिवारवर ढकलली. कशी, ते विचारू नका.

गुरुवारी सात वाजता त्यांनी विचारलं,
खाडीच्या कडेला साचतो,
पाय ठेवला तर धरत नाही,
होडी घातली तर सोडत नाही,
त्या बर्फाला तुमच्याकडे काय म्हणतात?

हजेरीपटावर सोळा नावं, सोळाजण गप्प.
'स्लॉब,' मी म्हणाले.
बाबांच्या आवाजात आलं ते,
जरा घोगरं,
आणि वर्ग मागे वळून पाहू लागला.

किल्ली अजून लागत नाही.
ओद्दुर निघताना दाराला
तो हातमोजा अडकवून जातो.