वर कोण आहे?

या कड्याला पायऱ्या नाहीत.
तिग्रायच्या या देवळात यायचं तर
बैलाच्या कातड्याचा एक वळलेला दोर,
आणि दोराच्या वरच्या टोकाला
एक माणूस.

चाळीस वर्षं झाली, तो माणूस मी आहे.
हे 'मी' म्हणायला मला फार उशीर लागला.

एकोणिसाव्या वर्षी आलो तेव्हा
स्वतःला खरवडून काढायचं होतं,
इंजेराच्या तव्यावरचं करपलेलं
आई खरवडायची तसं.
तिनं ठेवलेलं नाव खाली गावातच टाकलं.
हाकेला ओ देईना.
पंगतीत वाढलेलं शेजाऱ्याकडे सरकवायचो
आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचो,
कुणी पाहिलं का.
'मला भूक लागली' म्हणायचं नाही,
म्हणून म्हणायचो, 'इथे भूक आहे.'
अब्बा वोल्दे-तेन्साए विचारायचे,
'इथे म्हणजे कुठे? तुला, की कुत्र्याला?'

पंचावन्न दिवसांच्या उपासात
पोटात काही नसून
मला नम्रतेचे ढेकर येत.

मग एकदा दोरावरचा म्हातारा साधू तापानं पडला
आणि दोर माझ्या हाती आला.
चाळीस हात खालून हाक:
'वर कोण आहे?'

मी म्हणालो, 'कोणी नाही.'
आवाजात जरा मध घालून म्हणालो.

खाली शांतता. मग,
'दोर कुणाच्या हातात आहे?'
'कुणाच्याच नाही.'

तो किरोस होता. एका डोळ्यानं अधू,
बहिणीच्या चाळिसाव्याचं दान म्हणून
दानाकिलच्या रणातून मिठाच्या विटा घेऊन आलेला.
त्यानं हातातला दोर सोडून दिला
आणि उंबराखाली जाऊन बसला.
सावली सरकली, तसा तोही सरकला.

दुपार कलल्यावर अब्बा आले, कड्यावरून वाकून पाहिलं.
मला वाटलं, आता काठी.
ते खाली बसले. खांबाशी बांधलेल्या दोराची गाठ दाखवून म्हणाले,
'सोड.'
सोडली.
'आता ओढ त्याला वर.'

मी गप्प.

'फार आवळली, तर कातडं तिथेच चिरतं.
सैल राहिली, तर माणूस जातो.
म्हणून रोज पहाटे हिला तेल लावून
सोडायची, पुन्हा बांधायची.
कापायची नाही रे.
जो नाहीच, त्याच्या हाती कोण जीव देईल?
आणि तू देवाला शोधत आलास ना?
तूच घरी नसलास,
तर त्याची गाठ कुणाशी पडायची?'

तिन्हीसांजेला किरोसनं पुन्हा विचारलं,
जरा चिडूनच: 'वर कोण आहे?'

घशात काहीतरी अडकलं.
नाव मी वैराग्यानं टाकलं नव्हतं.
ते लाजेनं टाकलं होतं.
आमच्याकडे लोहाराच्या नजरेला भितात,
त्याच्या घरचं पाणी पीत नाहीत.

'मी. हाफ्तोम. लोहाराचा मुलगा.'

खाली पुन्हा शांतता. एक कावळा उडाला.
'मग हात दणकट असतील,' किरोस म्हणाला
आणि कमरेला दोर बांधू लागला.

तो वर आला. आभार वगैरे काही नाही;
विटेचा कोपरा कड्याला घासून फुटला
म्हणून मलाच बोल लावले.
त्या रात्री तळहात सोललेले होते
आणि मी पहिल्यांदा देवापाशी तक्रार केली:
मला दुखतंय.
मला.

परवा एक पोरगा आला.
नाव विचारलं, तर म्हणाला, 'मी धूळ आहे.'
म्हटलं, धुळीला दोर ओढता येतो का?
रुसला बिचारा. रुसू दे.
रुसायला तरी कुणीतरी आत आहे म्हणायचं.
तेलाची वाटी त्याच्याकडे देणार आहे,
उद्या, नाहीतर उपास संपल्यावर.

थांबा जरा.
खालून कुणीतरी विचारतंय.