उरलेल्या वेगावर

विटा डेपोच्या फळ्यावर खडूनं
दर महिन्याला वर एकच नाव:
द. बा. मुलाणी. लिटरला पाच पूर्णांक बासष्ट.
या खटाऱ्यात?
आम्ही म्हणायचो, उतारावर न्यूट्रल मारत असणार.

मारत नव्हता. भिवघाट उतरताना
मी शेजारी बसून बघितलं:
गाडी गियरमध्ये, पाय तेवढा वर.
"घाट देतोय ते घे की," म्हणाला.

दोन वळणं आधीच त्याला दिसलेली
थांब्यावरची भाजीवाली.
ब्रेक नावालाच.
गाडी आपसूक तिच्या
मेथीच्या पेंढ्यांपाशी येऊन टेकली.

नांद्रेच्या फाटकाला किल्ली फिरवली
आणि एकदम काय काय ऐकू आलं:
कुणाचं तरी घोरणं, द्राक्षबागेतला ब्लोअर,
"...सोन्यावरनंच मोडलं लग्न!"
असं इंजिनावर ओरडून सांगणारी बाई
स्वतःच्याच आवाजानं दचकून गप्प.
मालगाडी लांबलचक. कुणी हललं नाही.

रिटायर झाल्यावर गेलो एकदा घरी.
चहाला उकळी यायच्या आत
दस्तगीरमामानं गॅस बंद केला.
"होतंय उरलेल्यावर."
आम्ही दोघं पातेल्याकडं बघत बसलो.
चहा चढत चढत
काठापर्यंत आला,
थांबला.